वारसा कोणाचा? मुक्ताईनगरच्या निमित्ताने

वारशाचा विषय निघाला की आपण अजिंठ्याकडे बोट दाखवतो. आज आपण तापीकाठाकडे पाहू. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. परंपरा सांगते, १२९७ साली जवळच्या मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताबाई गुप्त झाल्या. तिथून फार लांब नाही, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं दगडी मंदिर आहे.

कायद्याच्या लेखी या दोन वारशांत मोठा फरक आहे. चांगदेवाचं मंदिर हे केंद्राचं संरक्षित स्मारक. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. मुक्ताईची पालखी मात्र सुमारे महिनाभर चालत पंढरपूर गाठते. ती जपतात विणेकरी, टाळकरी आणि वाटेवरच्या गावांत पंगती घालणारी माणसं.

मग वारसा हा आपला हक्क आहे का? घटनेचं कलम २९ आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क देतं. कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं राखण्याची जबाबदारी राज्यावर टाकतं. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्याच्या आधारे थेट कोर्टात दाद मागता येत नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्यही झालं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तर सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने सहभागी होण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय.

‘प्रत्येकाला’ या शब्दाची किंमत खानदेशाला ठाऊक आहे. पंढरीपर्यंत पायी गेलेल्या दलित वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी त्यासाठी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. ते सुटलं, मंदिर सर्वांना खुलं करायचं ठरल्यावर. देऊळ शतकानुशतकं उत्तम जपलं गेलं होतं. वारसांना मात्र बाहेर ठेवलं होतं.

म्हणून आम्हाला वाटतं, दगड टिकला एवढ्यानं भागत नाही. चांगदेवाच्या मंदिराचं किंवा हतनूर धरणाचं पाणी टेकलेल्या त्या संगमाचं काही ठरवायचं असेल, तर गावाला आधी विचारलं पाहिजे. नुसतं कळवून चालणार नाही. आणि गावानंही स्वतःला विचारावं, की आपल्या दिंडीत, आपल्या पंगतीत अजून कोण बाहेर उभं आहे?