टिक मोजणे म्हणजे वेळ मोजणे नव्हे

आपला प्रोग्राम किती वेळात चालला, हे तुम्ही संशोधनात कधी ना कधी मोजणारच. पण कर्नलला वेळ कळते कशी? त्यासाठी थोडं मागे जाऊया.

१९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५३ ही टाइमर चिप होती. पीसीचा मूळ क्रिस्टल १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे अमेरिकन रंगीत टीव्हीच्या सिग्नलशी जुळणारा. त्याला १२ ने भागून टाइमरला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळत. ठरलेले ठोके मोजून झाले की चिप प्रोसेसरला इंटरप्ट देते. हीच 'टिक'. डॉसमध्ये सेकंदाला सुमारे १८.२ टिक येत.

पीसीवरच्या लिनक्समध्ये आधी सेकंदाला १०० टिक होत्या, २.६ मालिकेत (२००३) त्या १००० झाल्या. इथे दोन अडचणी दिसतात.

पहिली भागाकाराची. ११,९३,१८२ ला १००० ने पूर्ण भाग जात नाही. ११९३ ठोक्यांची एक टिक धरली, तर सेकंदाला १०००.१५ टिक येतात. प्रत्येक टिकला बरोबर एक मिलिसेकंद मोजलात, तर घड्याळ दिवसाला सुमारे १३ सेकंद पुढे जाईल! पण ही चूक ठरावीक आहे, ती हिशेबात धरता येते.

दुसरी जास्त त्रासदायक. कर्नल काही कामांसाठी थोडा वेळ इंटरप्ट बंद ठेवतो. तेवढ्यात दोन टिक झाल्या, तर नंतर एकच पोहोचते. दुसरी हरवली ती हरवलीच. शिवाय टिक जितक्या जवळजवळ, तितका हा धोका मोठा.

मग उपाय काय? दोन प्रश्न वेगळे करणं. 'मला कधी उठवायचं?' हे इंटरप्टचं काम. 'आत्ता किती वाजले?' याचं उत्तर सतत चालणाऱ्या काउंटरवरून घ्यायचं. एखादा इंटरप्ट उशिरा आला, तरी काउंटर पुढे सरकलेलाच असतो. जॉन स्टल्ट्झ यांचं या दिशेचं काम २००६ मध्ये २.६.१८ मध्ये आलं. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांचे सूक्ष्म टाइमर त्याआधी २.६.१६ मध्ये आले होते. २००७ च्या २.६.२१ पासून तर रिकाम्या प्रोसेसरला दर टिकला उठवायचीही गरज उरली नाही.

यातून तुम्ही काय घ्यायचं? सेकंदाला १०० टिकच्या हिशेबात ३ मिलिसेकंदांचं काम चक्क शून्य दिसू शकतं. म्हणून रीडिंग लिहिण्याआधी विचारा: हा आकडा कुठल्या घड्याळाचा, आणि त्याची सर्वांत लहान पायरी किती? लागलेला वेळ मोजायला मागे न जाणारं मोनोटॉनिक घड्याळच वापरा, कारण भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ मध्येच कुणी बदलू शकतं.