रॅम्प मीटरिंग

शहरी द्रुतगती महामार्गांवरील कोंडी कमी करण्याची एक वाहतूक-नियंत्रण पद्धत. महामार्गात शिरणाऱ्या जोडरस्त्यावर सिग्नल बसवून वाहने ठरावीक अंतराने, बहुधा एकेक, आत सोडतात. वाहनांचा जथा एकदम घुसला की मुख्य प्रवाहातील चालकांना ब्रेक लावावे लागतात आणि वेग मागेमागे घटत जातो. हे टाळणे हा पद्धतीचा हेतू. रस्त्याखालील संवेदकांच्या नोंदींवरून सिग्नलची लय बदलता येते. १९६३ मध्ये शिकागोच्या आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर पोलीस हाताने वाहने सोडत; तेथून ही पद्धत रुजली.

अमेरिकेतील मिनीॲपोलिस-सेंट पॉल परिसरात अशी सुमारे ४३० यंत्रे होती. जोडरस्त्यांवर ताटकळावे लागते, या तक्रारीवरून मिनेसोटा विधिमंडळाच्या आदेशाने २००० च्या अखेरीस ती काही आठवडे बंद ठेवण्यात आली. त्या काळात महामार्गांची वाहतूक ९ टक्क्यांनी घटली, प्रवासवेळ २२ टक्क्यांनी आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. त्यानंतर यंत्रे पुन्हा सुरू झाली. मात्र स्थानिक जोडरस्त्यांवरील प्रतीक्षेला ४ मिनिटांची कमाल मर्यादा घालण्यात आली.