ब्रूडर (पिलांची कृत्रिम दाई)

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांना कोंबडीऐवजी ऊब देणारे साधन. ईजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत अंडी उबविण्याची कला प्राचीन काळापासून ज्ञात होती. परंतु पहिले दोन-तीन आठवडे पिलांना आपल्या शरीराचे तापमान टिकविता येत नसल्याने, कोंबडीविना ती जगविणे हा प्रश्न वेगळाच होता. फ्रेंच शास्त्रज्ञ रने आंत्वान फेर्शो द रेओम्यूर (१६८३–१७५७) यांनी १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आतून लोकरी कातडे लावलेल्या उबदार पेटीचे, म्हणजे ‘कृत्रिम आई’चे, वर्णन केले. पुढे तेलाचे दिवे, कोळशाच्या शेगड्या व विजेचे दिवे वापरात आले. तथापि ऊब मिळूनही बंदिस्त पिलांचे पाय दुर्बळ होत व पुष्कळ पिले दगावत. १९२२ मध्ये ड जीवनसत्त्वाचा शोध लागल्यावर, हा सूर्यप्रकाशाच्या अभावाचा परिणाम असल्याचे स्पष्ट होऊन खाद्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल घालण्यात येऊ लागले. आज पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. तापमान ठेवून ते दर आठवड्यास सु. ३° से.ने उतरवितात. तरीही खरा तापमापक पिलेच होत : दिव्याखाली त्यांनी दाटी केल्यास ऊब अपुरी, दूर जाऊन ती धापा टाकू लागल्यास जास्त आणि सर्वत्र सारखी विखुरल्यास योग्य समजावी.