रिक्त जागा आणि घराण्याचा वारसा : नियुक्ती कोठे, निवडणूक कोठे?

कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) - आमदार किंवा खासदाराचे मुदतीपूर्वी निधन झाले, की रिक्त जागेवर त्यांच्या पत्नीची, मुलाची अथवा सुनेची वर्णी लावावी, अशी मागणी सुरू होते. अशा वेळी बोलण्याच्या ओघात 'नियुक्ती' हा शब्द सर्रास वापरला जातो. प्रत्यक्षात मतदारांनी निवडून द्यावयाच्या जागेवर कोणाचीही नियुक्ती करण्याचा अधिकार राज्यघटनेने राष्ट्रपती, राज्यपाल वा मुख्यमंत्री यांपैकी कोणालाही दिलेला नाही. नियुक्तीची तरतूद आहे ती केवळ नामनियुक्त जागांसाठी. आणि त्याही घराण्यांसाठी नव्हे, तर विशिष्ट क्षेत्रांतील जाणकारांसाठी. तरीही घराणी दोन्ही वाटांनी सभागृहात पोहोचली आहेत. या दोन वाटांमधील फरक समजून घेण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

गादीचा वारस

कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ, नृसिंहवाडीनजीक वसलेले कुरुंदवाड ही पटवर्धन घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. १८११ मध्ये या संस्थानातून शेडबाळची वाटणी झाली. १८५४ मध्ये उरलेल्या संस्थानाच्याही थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन वाटण्या झाल्या. शेडबाळच्या शाखेस पुरुष वारस न राहिल्याने ते १८५७ मध्ये खालसा झाले. गादी रिकामी झाली, की प्रश्न दोनच असत : वारस आहे काय आणि इंग्रज सरकारला तो मान्य आहे काय? रयतेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ही रीत संपली. घराणी मात्र संपली नाहीत. त्यांना मतपेटीतून जावे लागले. कुरुंदवाडचा समावेश असलेल्या तत्कालीन इचलकरंजी लोकसभा मतदारसंघातून बाळासाहेब माने १९७७ पासून सलग पाच वेळा निवडून आले. त्यांच्या स्नुषा निवेदिता माने १९९९ आणि २००४ मध्ये विजयी झाल्या. नातू धैर्यशील माने हे नव्या हातकणंगले मतदारसंघातून २०१९ व २०२४ मध्ये लोकसभेत गेले. मात्र या तीन पिढ्यांच्या मधल्या काळात १९९६ व १९९८ मध्ये कल्लाप्पाण्णा आवाडे, तर २००९ व २०१४ मध्ये राजू शेट्टी यांना मतदारांनी कौल दिला. संस्थानी वारशात असा खंड पाडण्याची सोय प्रजेला नव्हती.

कायदा काय सांगतो?

लोकसभा किंवा विधानसभेची जागा रिक्त झाल्यास लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५१ अ नुसार सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. त्याला अपवाद दोन आहेत. संबंधित सदस्याचा उर्वरित कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असेल, तर पोटनिवडणूक बंधनकारक नाही. तसेच या मुदतीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास सवलत मिळते.

पहिल्या अपवादाच्या मर्यादेत शिरोळ विधानसभा मतदारसंघ येऊन गेला आहे. येथील आमदार राजू शेट्टी मे २००९ मध्ये खासदार झाले, तेव्हा विधानसभेची मुदत काही महिन्यांचीच उरली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील सार्वत्रिक निवडणुकीत सा. रे. पाटील निवडून आले. पुण्याची गोष्ट निराळी. खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले, तेव्हा लोकसभेची मुदत एक वर्षाहून अधिक शिल्लक होती. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पोटनिवडणूक घेण्याचे आदेश दिले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली. परिणामी पुणेकरांना २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत लोकसभेत प्रतिनिधी नव्हता. जागा रिक्त राहण्याची किंमत मतदार मोजतो ती अशी.

सहानुभूतीची कसोटी

पोटनिवडणुकीत पक्ष बहुधा दिवंगत सदस्याच्या घरातच उमेदवारी देतात. आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर २०१५ मध्ये तासगाव-कवठेमहांकाळमधून सुमन पाटील एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. पतंगराव कदम यांच्यानंतर २०१८ मध्ये पलूस-कडेगावमधून त्यांचे पुत्र विश्वजित कदम बिनविरोध विजयी झाले. तेथे मतदानच झाले नाही. कायद्याने ती निवडणूकच, पण मतदाराच्या दृष्टीने ती नियुक्तीच्या अगदी जवळ जाणारी.

मात्र सहानुभूती हमखास पावतेच असे नाही. पंढरपूरमध्ये आमदार भारत भालके यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र भगीरथ भालके यांना २०२१ च्या पोटनिवडणुकीत समाधान आवताडे यांच्याकडून सुमारे पावणेचार हजार मतांनी पराभव पत्करावा लागला. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसचे आमदार चंद्रकांत जाधव यांच्या निधनानंतर एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या पत्नी जयश्री जाधव विजयी झाल्या. पण २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उमेदवारी दिली नाही आणि त्यांनी शिवसेनेत (शिंदे गट) प्रवेश केला. पोटनिवडणुकीने दिलेला वारसा उर्वरित मुदतीपुरताच असतो.

नामनियुक्तीचे दार

घटनेच्या कलम ८० नुसार राष्ट्रपती राज्यसभेवर साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील १२ सदस्यांची नियुक्ती करतात. कलम १७१ नुसार राज्यपाल विधान परिषदेवर सदस्य नियुक्त करतात; तेथे या क्षेत्रांत सहकार चळवळीचीही भर आहे. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत अशा १२ जागा आहेत. दोन्ही ठिकाणी नावे ठरतात ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. 'समाजसेवा' या शब्दाची व्याख्या घटनेत नाही, आणि राजकीय कार्यकर्ते बहुधा याच शब्दाच्या आधारे आत येतात.

कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने ही सर्व दारे पाहिली आहेत. संभाजीराजे छत्रपती यांनी २००९ मध्ये कोल्हापुरातून लोकसभेची निवडणूक लढविली. सदाशिवराव मंडलिक यांनी त्यांचा पराभव केला. पुढे २०१६ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेले प्रणव पंड्या यांनी सदस्यत्व स्वीकारण्यास नकार दिला आणि त्या जागेवर जून २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी संभाजीराजे यांची नियुक्ती केली. गडकोट संवर्धन आणि मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरील कामामुळे ते राज्यात परिचित होते. तथापि मतदारांनी नाकारलेले सदस्यत्व नियुक्तीने मिळाले, हीही वस्तुस्थिती. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर त्यांनी अपक्ष म्हणून राज्यसभेची निवडणूक लढविण्याची तयारी केली. पक्षप्रवेशाची अट त्यांनी मान्य केली नाही, आमदारांचे पाठबळ जुळले नाही आणि त्यांना माघार घ्यावी लागली. २०२४ मध्ये त्यांचे वडील शाहू छत्रपती यांनी लोकसभेच्या मैदानात सदाशिवरावांचे पुत्र संजय मंडलिक यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. दोन्ही बाजूंना घराणीच होती, परंतु निर्णय मतदारांनी दिला.

राजभवनात अडकलेली यादी

राज्यपालनियुक्त जागांवरून महाराष्ट्रात दोनदा पेच निर्माण झाला. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्यत्व मिळविणे घटनेनुसार आवश्यक होते. करोनामुळे निवडणुका लांबणीवर पडल्याने एप्रिल २०२० मध्ये मंत्रिमंडळाने राज्यपालनियुक्त रिक्त जागेवर त्यांच्या नावाची शिफारस केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी नियुक्ती केली नाही; अखेर विधान परिषदेची निवडणूक जाहीर होऊन मे २०२० मध्ये ठाकरे बिनविरोध निवडून आले.

त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने १२ नावांची यादी पाठविली. त्यात शिरोळचे राजू शेट्टी यांचेही नाव होते. या यादीवर निर्णयच झाला नाही. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य असल्याचे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले. २०२२ मध्ये सत्तांतरानंतर नव्या सरकारने यादी मागे घेतली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, सात नव्या सदस्यांनी शपथ घेतली. त्यांत छगन भुजबळ यांचे पुत्र, माजी आमदार पंकज भुजबळ आणि सांगली-मिरजेचे माजी महापौर इद्रिस नायकवडी यांचा समावेश होता. जुनी यादी मागे घेण्याला आव्हान देणारी कोल्हापूरचे शिवसेना (ठाकरे गट) पदाधिकारी सुनील मोदी यांची याचिका उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली.

अमेरिकेतील अनुभव

निवडून द्यावयाच्या जागेवरही तात्पुरती नियुक्ती करण्याची पद्धत अमेरिकेत आहे. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनुसार सिनेटची जागा रिक्त झाल्यास राज्याचे विधिमंडळ गव्हर्नरला तसा अधिकार देऊ शकते. अलास्काचे सिनेटर फ्रँक मर्कोव्स्की २००२ मध्ये गव्हर्नर झाले आणि स्वतःच्या रिक्त जागेवर त्यांनी कन्या लिसा यांची नियुक्ती केली. संतापलेल्या मतदारांनी २००४ मध्ये जनमताद्वारे गव्हर्नरच्या या अधिकारावर मर्यादा आणली. त्याच दिवशी लिसा मर्कोव्स्की यांना मात्र त्यांनी निवडून दिले. व्यक्ती स्वीकारार्ह ठरली, पद्धत नव्हे.

गावपातळीवरचा प्रश्न

हा विषय मुंबई-दिल्लीपुरता नाही. राज्यातील प्रत्येक नगरपरिषदेत 'स्वीकृत' सदस्य असतात. थेट निवडून आलेल्या सदस्यांच्या १० टक्के किंवा पाच, यांपैकी कमी असेल तेवढी त्यांची संख्या. पालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव ही त्यांची पात्रता, आणि सभेत त्यांना मताचा अधिकार नाही. या जागांसाठी कोणाचे नाव पुढे येते, पराभूत उमेदवाराचे, पुढाऱ्याच्या नातलगाचे की खरोखरीच्या जाणकाराचे, हे कुरुंदवाडसह कोणत्याही शहरातील नागरिकाला पाहता येते. निवडून आलेल्या वारसाला मतदार पाच वर्षांनी घरी बसवू शकतो. नियुक्त वारसाबाबत ती सोय नाही. म्हणूनच तेथे घराण्याचे नाव नव्हे, तर पात्रतेचा दाखला आधी विचारला गेला पाहिजे.