गिऱ्हाईक कुणाचं?

पुण्याहून साताऱ्याला जाताना शिरवळ मागे पडतं, खंडाळा येतं आणि लगेच खंबाटकीचा चढ. या रस्त्यावर पाटी वाचायला फार थोडा वेळ मिळतो. ताशी 72 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 20 मीटर पुढे जाते. तरी काही हॉटेलवाले पाटीवर अख्खं मेनू कार्ड रंगवतात! 'जाहीर' हा अरबी शब्द. अर्थ उघड, डोळ्यांना दिसणारं. 'जाहिरात' त्याच घरातली. तेव्हा जी वाचताच आली नाही तिला जाहिरात म्हणायचं तरी कसं? भुकेल्याला 'मिसळ' ही तीन अक्षरं पुरतात.

'खबर'सुद्धा अरबीच. सांगलीकडच्या किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. किर्लोस्करांचा कारखाना लोखंडी नांगर करायचा, पण लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी एके काळी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा माणसापुढे नांगराची नुसती स्तुती गाऊन भागत नाही. कारखान्याने आपल्या पत्राला 'खबर' म्हटलं, यात मला मोठं व्यापारी शहाणपण दिसतं. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं.

खरी गंमत मात्र 'गिऱ्हाईक' या शब्दात आहे. मूळ संस्कृत 'ग्राहक', धातू 'ग्रह्': घेणे, पकडणे. आकाशातला ग्रह आणि सूर्य-चंद्राला लागणारं ग्रहण हे याचेच भाऊबंद. 'ग्राहक' पुस्तकात टिकला, 1986च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मानाने बसला. बाजारात त्याचं गिऱ्हाईक झालं. आणि एखाद्याची टर उडवली, की आपण म्हणतो, 'आज त्याचं गिऱ्हाईक केलं.' पकडणारा होता तोच पकडला गेला! हा वाक्प्रचार दुकानदाराने घडवला की फसून घरी आलेल्याने, कोण जाणे. मला दुसऱ्याचाच संशय येतो.

राहिली उधारी. अमरकोशात ऋणाला 'उद्धार' असाही शब्द दिला आहे. 'उधार' त्यातूनच आला. 'आज रोख, उद्या उधार' या पाटीची मला कायम मौज वाटते. तीत 'नाही' हा शब्दच नाही, कुणाचा अपमान नाही, आणि समोरच्याला सगळं कळतं. लोणंदच्या बाजारात कांद्याची पट्टी हातात पडली की मागचं देणं चुकवणारे असतात, तसे रस्ता बदलून जाणारेही असतात. अशा वेळी दुकानदार या रस्ता बदलणाऱ्याच्या सात पिढ्यांचा जो उद्धार करतो, तो शब्दही तोच.