बैलाच्या खुराची पत्री

इतिहासांत घोड्याच्या टापा ऐकूं येतात. बैलाच्या खुराकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. प्रवरेच्या कांठचें कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर वसलेलें आहे. शेताच्या मऊ मातींत खूर फारसा झिजत नाहीं; खडीच्या रस्त्यावर झिजतो. १९५०-५१ च्या हंगामांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं जवळच लोणीस शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उंसाच्या भरल्या गाड्या बैलांनींच ओढल्या.

घोड्याच्या टापेस एक नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला. म्हणून प्रत्येक फाळीस वेगळी, पातळ पत्री. बैलास दोरानें आडवा पाडून नालबंद ती ठोकतो. खिळा खुराच्या निर्जीव कडेंतूनच जावा लागतो. आंत मांसास टोंचला, तर बैल लंगडा होतो. बर्फावरील यंत्रगाडीच्या पट्ट्यास खिळे निवडतांनाहि हाच विवेक लागतो: आखूड खिळा घसरतो, अति लांब खिळा पट्टाच उखडतो.

कारखान्याच्या इतिहासांत संस्थापकांच्या शेजारीं या नालबंदासहि जागा असावी.