वाचन आणि अर्थबोध : मराठी प्राथमिक शाळेतील एक स्थित्यंतर

'वाचन' ह्या शब्दाच्या मुळाशी 'वच्', म्हणजे बोलणे, हा धातू आहे. पंतोजींच्या शाळेत वाचनाचा अर्थही बहुधा तेवढाच होता : धुळाक्षरे गिरवावी, पाढे घोकावे, मजकूर मोठ्याने म्हणावा. मोडी लेखनात शब्द सुटे नसत, विरामचिन्हेही नसत. त्यामुळे विषय परिचित असेल त्यासच वाक्य कोठे संपते हे नीट कळे.

हा पेच छापील पुस्तकाने काहीसा सैल केला. मेजर थॉमस कँडी ह्यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. पुढे क्रमिक पुस्तकांतून ही चिन्हे मुलांच्या परिचयाची झाली आणि विराम हा केवळ श्वासाचा न राहता अर्थाचा थांबा ठरला.

परंतु प्रश्न केवळ चिन्हांचा नव्हता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले ह्यांनी प्राथमिक शिक्षणात बालबोधाबरोबर मोडी, हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान ह्यांची मागणी केली. तिचे मर्म उघड आहे. पुण्याभोवतालच्या खेड्यांतील दस्तऐवज मोडीत असत. ते ज्यास उमगत नसत, तो कुलकर्ण्याच्या शब्दावर अवलंबून राही.

त्याच परिसरातील, मुळशी तालुक्यातील सूस हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. मोडी व्यवहारातून गेली. कुलकर्णी वतनही १९५० च्या कायद्याने रद्द झाले. जमिनीचे व कराचे कागद मात्र राहिले. अशा गावच्या विद्यार्थ्यास धडा अस्खलित म्हणता येतो की नाही, ह्यापेक्षा वाचलेल्याचा अर्थ तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो की नाही, हीच प्राथमिक वाचनाची खरी कसोटी होय.